मुंगीने उघडलेला गिअरबॉक्स

आमच्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात. अंगाने लहान आणि सतत काहीतरी ओढून आणायची सवय, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव. तिशी जवळ आली तरी ते सुटलेलं नाही. ती एका तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी जायचं, रक्ताचा नमुना घ्यायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि वेळेत लॅबला पोचवायचा. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा सापडता सापडत नाहीत, पण मुंगीची सुई कळतसुद्धा नाही म्हणतात. दुसरं कुणी आलं की हात पांघरुणात लपवून बसणारे तिचे पेशंट आहेत.

तिचा डावा पाय घोट्यापासून अधू आहे. शाळेत असताना जिन्यावरून पडली. हाड जुळलं, नस काही जुळली नाही. पाऊल उचललं जात नाही म्हणून बुटात आधाराचा पट्टा घालते. चालते, जिने चढते, बसमध्ये उभीही राहते. फक्त क्लच दाबता येत नाही. म्हणून तिने ऑटोमॅटिक गाडी घेतली. जुनी, दोन मालकांनी वापरून झालेली. पण पेडल दोनच, आणि दोन्हींना उजवा पाय पुरतो. ती गाडी आल्यापासून "बाबा, सोडायला येता का?" हे वाक्य आमच्या घरातून नाहीसं झालं.

मग एका सकाळी सिग्नल हिरवा झाला आणि गाडी हलेना. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मुंगीने गाडी लोकांकडून ढकलून कडेला घेतली, बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसने लॅबला गेली, नमुने दिले आणि मग आम्हाला फोन केला. आधी नमुने, मग आईबाप. तिचं सगळं असंच.

गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "जळलाय. आतला क्लच गेला."

"क्लच? या गाडीला क्लचच नाही ना?" मी म्हणाले.

"पायाखाली नाही, काकू. पोटात आहे."

उघडून दुरुस्त कराल का, असं मुंगीने विचारलं. त्याने नाही म्हटलं. ऑटोमॅटिक उघडत बसायला त्यांच्याकडे माणूस नाही, अख्खा बदलायचा. आणि अख्खा बदलायचा तर त्यात दुसरी गाडी येईल, हेही त्यानेच सांगितलं.

लॅबच्या मॅडमनी मुंगीला काउंटरवर बसवलं. बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, पावत्या द्यायच्या. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत गाडी आली तर तिचा रूट तिला परत, नाहीतर दुसऱ्याला. मॅडम वाईट नाहीत, पेशंटना थांबवून ठेवता येत नाही एवढंच.

त्या रात्री मी स्वयंपाकघरात तिच्या बाबांना हळूच म्हणाले, "एका परीने बरंच झालं. एका जागी बसून काम, उन्हातान्हात फिरणं नाही. सुंठीवाचून खोकला गेला."

दारात मुंगी उभी होती. "आई, खोकला मला झालाच नव्हता," ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली भरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "मी उघडणार."

तिने आयुष्यात गाडीचं चाकसुद्धा बदललेलं नव्हतं. शिवणयंत्राचा पट्टा घातला होता आणि मिक्सर एकदा उघडला होता. तो मिक्सर पुन्हा चालला नाही, ही गोष्ट मी तिला सांगितली. ती म्हणाली, "तेव्हा माझ्याकडे पुस्तक नव्हतं." आता तिच्याकडे त्या गिअरबॉक्सचं कंपनीचं पुस्तक होतं, इंटरनेटवरून उतरवलेलं. व्हिडिओ होते. सील, रबरी कड्या आणि नव्या चकत्या असलेला एक खोका तिने मागवला होता. वरच्या मजल्यावर शाळेत पीटी शिकवणारे सर राहतात, त्यांना हे कळलं तेव्हा ते जिन्यातूनच हसले. "वहिनी, मुंगीला पंख फुटले की काय!"

"शुभ बोला हो," मी म्हणाले. पंख फुटलेल्या मुंगीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

घराच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तिथे गॅरेजमधून ओढून आणलेली गाडी स्टँडवर चढली. मुलगी खाली आणि वर एवढं लोखंड, हे मला बघवेना. मी सरळ सांगितलं, "स्टेपनी आणि काढलेली दोन्ही चाकं गाडीखाली आडवी घाल. स्टँड सुटला तरी गाडी चाकांवर अडकेल. नाहीतर मीच खाली झोपते." मला वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, "पुस्तकात नाही, पण सगळे कारागीर असंच करतात," आणि चाकं ढकलली.

पहिल्याच दिवशी तेल काढताना तिने बोल्ट जरा जास्त सैल केला, आणि काळपट लाल तेलाची धार भांड्यात न पडता तिच्या बाहीतून काखेपर्यंत गेली. बाबा खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "नमनालाच घडाभर तेल."

"बाबा, उंटावरून शेळ्या हाकू नका. खाली या आणि बॅटरी धरा."

आले बिचारे. बॅटरी धरली, पाने दिले, पाना परत जागेवर ठेवला का ते विचारलं. गिअरबॉक्स इंजिनापासून सुटला तेव्हा पीटीचे सरही आले. तिघांनी तो जॅकवरून उतरवला आणि जाड चादरीवर ठेवून ओढत पुढच्या खोलीत आणला, कारण शेडमध्ये धूळ उडते आणि त्या यंत्राला धुळीचा कणही सोसत नाही. त्याच्या तोंडावर एक मोठा गोल डबा बसतो. इंजिनाची ताकद तेलातून आत पोचवणारा. मुंगी त्याला भोपळा म्हणायची. तो भोपळा आमच्या टीव्हीच्या टेबलावर बसला.

मी काठावर उभी राहून बघत होते आणि मला हळूहळू दिसू लागलं की ही मुलगी काम कसं करते. वरच्या झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे होते. तिने पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला, जिथला बोल्ट तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचला. आतले भाग जसजसे निघाले तसे जुन्या चादरींवर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडत गेली. ड्रम, चकत्या, स्प्रिंगा, पातळ वॉशर, बेअरिंग. लोखंडाची एक चकती, मग कागदासारखा थर असलेली एक, पुन्हा लोखंडाची. जळालेल्या चकत्यांवरचा थर बोटाने पुसला जात होता. मी ते बघून हळहळले. ती खूश झाली. "आई, सापडलं! हेच गेलंय. बाकी सगळं चांगलं आहे."

पहिल्या दिवशी तिने फोटोही काढले होते. पुढे तेलकट हातांनी फोन धरायचा तिला कंटाळा आला. ओळ होतीच की समोर. ज्या क्रमाने निघालं त्याच्या उलट क्रमाने लावायचं, इतकं सोपं.

आता तिच्या बाबांबद्दल सांगायला हवं. ते औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले तरी गोदाम त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. आमच्या घरात गोळ्या प्रकाराप्रमाणे, डबे उंचीप्रमाणे आणि पिशव्या पिशव्यांत असतात. एके दिवशी मुंगी काउंटरवर गेलेली होती, मी बँकेत. खोलीभर पसरलेल्या त्या चादरी बघून त्यांचा जीव कासावीस झाला असणार. पोरगी थकून येते, आल्यावर वाकून वाकून शोधत बसते, आपण जरा मदत करावी.

मी परत आले तेव्हा चादरी घड्या करून ठेवल्या होत्या. सगळे भाग टेबलावर होते, स्वच्छ पुसलेले. लोखंडी चकत्या लोखंडी चकत्यांबरोबर, मोठीवर लहान अशा उतरंडी. वॉशर बिस्किटांच्या डब्यात. स्प्रिंगा एका वाडग्यात. प्रत्येकावर त्यांच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी: "चकत्या, मध्यम", "कड्या, पातळ".

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी आधी घड्याळाकडे बघितलं, मुंगी यायला किती वेळ आहे ते.

मुंगी आली. बूट काढायलाही विसरली. टेबलापाशी उभी राहिली, बिस्किटांचा डबा उचलला, झाकण उघडून आत बघितलं आणि परत लावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसून पायाचा पट्टा सोडायला लागली, आणि तो सोडता सोडता म्हणाली, "उद्या मॅडमना सांगते, रूट दुसऱ्याला द्या."

"अगं, पण मी तर फक्त लावून ठेवलं," बाबा म्हणाले. "हरवलं काहीच नाही. मोजून घे हवं तर."

"हरवलं नाही बाबा. सगळं आहे. पण कोण कोणाशेजारी होतं, तेवढंच गेलं."

जेवायच्या वेळी दोघंही ताटात बघत होते. मी अशी बाई आहे की मला शांतता सोसत नाही. नेमकं नको ते बोलते. पण त्या दिवशी एक बरोबर सुचलं. मी म्हणाले, "मुंगे, तुमच्या लॅबमध्ये चिठ्ठी पडलेली बाटली सापडली तर फेकून देता का लगेच?"

"नाही. बघतो आधी. झाकण कुठल्या रंगाचं, रक्त किती, कुठल्या पेटीत होती."

"मग बघ की."

तिने हातातला घास ताटात ठेवला. मग बाबांना म्हणाली, "तुम्ही गोदामात माल आला की कसा लावायचात?"

"आधी प्रकार, मग माप, मग तारीख."

"इथे तसं नाही चालत. इथे कोण कोणाला घासून बसतं त्यावर सगळं आहे."

"म्हणजे प्रकार नाही, शेजार."

"हो."

बाबांनी ताट बाजूला सारलं आणि कपाटातून आपलं भिंग काढलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी पुढची खोली चौकशीच्या कचेरीसारखी दिसायची. दोन लोखंडी तुकडे वर्षानुवर्षं एकमेकांवर घासले की दोघांच्याही अंगावर खूण पडते. एकावर चकचकीत गोल, तर दुसऱ्यावर त्याच मापाचा गोल. बाबा भिंगाने खुणा शोधत, मुंगी पुस्तकातल्या आकृतीशी ताडून बघे. मला कशातलं काही कळत नसलं तरी डोळे चांगले आहेत. "या दोघींना एकाच जागी ओरखडा आहे," असं मी एकदा म्हटलं, आणि तासभर नुसतं "नाही, नाही" चाललेलं भांडण मिटलं. पीटीचे सर चहाला येत आणि "जुळलं का स्थळ?" असं प्रत्येक वॉशरबद्दल विचारत.

सगळे भाग आपापल्या शेजाऱ्यापाशी परत गेले. आणि दरम्यान मुंगीला ते यंत्र कळू लागलं. आधी ती म्हणायची, "हे यानंतर येतं." आता म्हणायला लागली, "हा ड्रम फिरला की हा थांबतो, म्हणून दुसरा गिअर." भाजी निवडताना मला मुठी एकमेकींभोवती फिरवून दाखवायची. मला कळलं नाही, पण तिचा चेहरा बघत राहिले.

दोन वॉशर मात्र अडले. व्यास तोच, खुणा पुसट, एक केसभर जाड. कोणता मागे आणि कोणता पुढे, ते भिंगालाही सांगता येईना. मुंगीने अंदाजाने जाड वॉशर पुढे घातला. नव्या चकत्या तेलात भिजत ठेवायच्या असतात, कोरड्या घातल्या तर पहिल्याच दिवशी जळतात. त्यासाठी माझं मोठं पातेलं गेलं. ते मला परत नको, असं मी तेव्हाच सांगून टाकलं. लहान भाग जागेवर चिकटून राहावेत म्हणून व्हॅसलीन लागतं, तेही माझंच. असं करत सगळं आत गेलं, वरून तेलाचा पंप बसला, बोल्ट आवळले.

"आता हा दांडा हाताने फिरायला हवा," ती म्हणाली आणि फिरवायला गेली. दांडा ढिम्म.

बोल्ट थोडे सैल केले की फिरे. आवळले की अडके. आत काहीतरी जाड पडत होतं.

मला वाटलं, आता ही उठणार आणि दार लावून घेणार. बाबांचा चेहरा तर वाळत घातलेल्या कपड्यासारखा लोंबला. पण मुंगी हसायला लागली. "अरे! म्हणजे जाडा मागे जातो. बाबा, यंत्राने स्वतःच सांगितलं की." आणि पाना उचलून तिने पहिला बोल्ट उलटा फिरवला. सगळं पुन्हा बाहेर. या वेळी ओळीने चादरीवर, आणि चादरीभोवती बाबांनी स्वतः खुर्च्यांचं कुंपण घातलं. वॉशरची अदलाबदल झाली. बोल्ट आवळल्यावर दांडा दोन बोटांनी फिरला, लोण्यातून सुरी फिरावी तसा. मग तिने शेजारून आणलेल्या हवेच्या पंपाने तेलाच्या भोकांतून हवा सोडली. आतून "ठप्" असा आवाज आला. चकत्या एकमेकींना धरत होत्या. तिने प्रत्येक भोकाला ठप् ऐकलं आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे बघितलं.

गिअरबॉक्स परत गाडीत चढवताना पीटीच्या सरांनी शाळेतली शिट्टीच वाजवली, सगळ्यांनी एकदम उचलावं म्हणून. मुंगीने भोपळा नीट आत बसल्याची खात्री हात घालून तीनदा केली. तो अर्धवट बसला तर पंप फुटतो म्हणे. मग नवं लाल तेल ओतलं, किल्ली फिरवली, गिअर टाकला.

काहीच नाही. पुढे नाही, मागे नाही.

सर पुटपुटले, "होतं असं." मी मनात म्हणत होते, काउंटरही वाईट नाही, खुर्ची चांगली आहे, पंखा आहे. मुंगी स्टेअरिंगवर हात ठेवून बसली होती. एकाएकी ती उतरली आणि तेलाची पट्टी काढून बघितली. पट्टी कोरडी.

"भोपळ्याने प्यायलं सगळं! तो रिकामा होता ना. बाबा, दुसरा डबा!"

बाबांनी डबा दिला, मग आणखी एक. या वेळी गिअर टाकताच गाडीने, झोपेतून उठवल्यावर माणूस हलतो तसा, एक लहानसा झटका दिला आणि हळूच पुढे सरकली. सरांच्या पायावरून जाता जाता राहिली.

तेल गरम झाल्यावर बाहेर चालवून बघायची होती. बाबांना शेडमध्ये हत्यारं लावायची होती, म्हणून मी गेले. सपाट रस्त्यावर छान चालली. मग मुंगी म्हणाली, चढावर ताण आला तरच खरं कळेल. पाण्याच्या टाकीकडे जाणारा उभा रस्ता आहे, त्याच्या पायथ्याशी तिने गाडी थांबवली.

"आई, उतर."

"का? माझं वजन जास्त होतंय?"

"नाही. तू श्वास रोखून बसतेस आणि मधेच 'सावकाश' म्हणतेस. मला गिअर पडताना ऐकायचाय."

मी उतरले. कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. गाडी निघाली. इंजिनाचा आवाज चढला, मग मध्येच उतरला आणि पुन्हा चढू लागला. एक गिअर पडला असावा. मग दुसरा. ती वर वर गेली आणि टाकीच्या मागे दिसेनाशी झाली.

मग फक्त रस्ता. एक सायकलवाला चढ चालत गेला. मी माझ्या मनात येतील त्या सगळ्या गोष्टी येऊ दिल्या, कारण अडवून त्या थांबत नाहीत. फोन हातात होता, केला नाही. तिला ऐकायचं होतं.

तिचाच फोन आला. "आई, वर वळायला जागा नाही. पलीकडून उतरून वळसा घालून येते. सगळे गिअर पडले. तिसरा जरा धक्का देऊन पडतो, पण पडतो."

"ये," मी म्हणाले. सावकाश हा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला.

ती दुसऱ्याच बाजूने आली, मी भलतीकडेच बघत होते. गाडी उभी करून, इंजिन चालूच ठेवून तिने तेल पाहिलं. लाल, स्वच्छ. बोट पँटला पुसलं आणि तिथेच उभं राहून लॅबच्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, सोमवारपासून माझा रूट मी घेते. हो, चालते गाडी. नाही, गॅरेजमध्ये नाही... मीच." पलीकडून काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण मुंगीचे कान लाल झाले.

मग मला म्हणाली, "तिसऱ्याचा धक्का कशाने येतो ते बघायला मोकळा रस्ता हवाय. हायवेपर्यंत जाऊन येते. येतेस की घरी सोडू?"

"घरी सोड," मी म्हणाले. "तू जाऊन ये."

फाटकाशी तिने मला उतरवलं. बाबा शेडमधून हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "काय, चालते ना?" उत्तर द्यायला मी तोंड उघडेपर्यंत गाडी कोपऱ्यावर पोचली होती. आम्ही दोघं तिथेच उभं राहून ऐकत होतो. तिसरा गिअर पडला तेव्हा बारीकसा धक्का आम्हालाही ऐकू आला.

"तो वॉशर नाही हं," बाबा घाईघाईने म्हणाले.

"नसेल," मी म्हटलं. "आणि असला तरी ती उघडेल परत."